२४ हजारांत ग्राफिक्स कार्ड बदलायचे आहे: आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०५० की वापरलेले आरटीएक्स ३०६०?

खेळगडी_सोलापूर

नमस्कार. माझा संगणक मी २०१९ साली सुटे भाग घेऊन जुळवला होता. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, प्रत्येकी ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि ४ जीबीचे जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असा तो आहे. मॉनिटर २२ इंची, १०८०पी, ६० हर्ट्झचा आहे आणि पुढची काही वर्षे तरी तो बदलण्याचा विचार नाही. एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) ४५० वॅटचा आहे. तो कॅबिनेटसोबतच आला होता.

मी स्पर्धात्मक खेळ खेळत नाही. रात्री घरची कामे आटोपल्यावर तासदीड तास एखादा कथाप्रधान खेळ खेळतो. ‘रेड डेड रिडेम्पशन २’ मी सगळ्या सेटिंग खाली आणून पूर्ण केला, ‘सायबरपंक २०७७’ मात्र अर्ध्यावरच सोडावा लागला, कारण गर्दीच्या रस्त्यावर गाडी चालवताना चित्र इतके अडखळते की डोके दुखू लागते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ तर सुरूच होत नाही. त्याला रे ट्रेसिंगची (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची) सोय असलेले कार्ड अनिवार्य आहे आणि किमान अपेक्षेतच आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स २०६० सुपर असे लिहिलेले आहे.

दसऱ्यापर्यंत माझ्याकडे २४ हजार रुपये साठतील आणि त्यापुढे एक रुपयाही जाणार नाही. दुकानदाराने मला ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० सुचवले. मित्राचे म्हणणे आहे की त्याच पैशांत १२ जीबीचे वापरलेले आरटीएक्स ३०६० घ्यावे. मी स्वतः आरएक्स ६६०० कडे झुकलो आहे, परंतु ते एएमडीचे आहे (बाकी दोन्ही एनव्हिडियाची) आणि एएमडीचे कार्ड मी आजवर कधी वापरलेले नाही. चार वर्षे टिकेल असे एकच कार्ड घ्यायचे असेल तर कोणते घ्यावे? आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि विजेचा दाब कमीजास्त होतो, हेही कृपया लक्षात घ्यावे.

पाना_पकड

तुम्ही माहिती व्यवस्थित दिली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाईल. तरीही कार्डाचे नाव ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात अशी माझी विनंती आहे, कारण आजवर मी जुळवलेल्या आणि दुरुस्त केलेल्या यंत्रांत पैसे वाया गेले ते बहुतेक वेळा चुकीच्या कार्डामुळे नव्हे, तर कार्डाभोवतालच्या भागांकडे न पाहिल्यामुळे.

पहिली गोष्ट एसएमपीएसची. तुमच्या १०५० टीआयला जास्तीत जास्त ७५ वॅट लागतात आणि ते मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळतात, म्हणून गेली सहा वर्षे तुमच्या एसएमपीएसची खरी परीक्षा झालेलीच नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात, आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात आणि दोन्हींना एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर जोडावी लागते. कॅबिनेटचे झाकण काढून आठ पिनांची पीसीआय एक्स्प्रेसची वायर आहे का ते पाहा. प्रोसेसरची आठ पिनांची वायर दिसायला तशीच असते, पण तिची जोडणी वेगळी असते, म्हणून ती कार्डाला लावण्याचा प्रयत्न करू नका. त्यानंतर एसएमपीएसवरच्या लेबलमध्ये +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते इथे कळवा. ४५० हा आकडा सगळ्या व्होल्टेजच्या बेरजेचा असतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे आपल्या कामाचा आकडा तेवढाच आहे.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. ‘सायबरपंक’ अडखळतो तो कार्डामुळे की प्रोसेसरमुळे, हे घरच्या घरी समजते. पडद्यावर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो आकडा) आणि कार्डाचा वापर किती टक्के आहे हे दाखवणारे साधन चालू करा आणि ज्या रस्त्यावर त्रास होतो तिथे जाऊन आकडे टिपून ठेवा. मग रिझोल्यूशन ७२०पी करा आणि त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७० हजार बिंदू असतात, ७२०पीमध्ये ९ लाख २० हजार. बिंदू निम्म्याहून कमी झाल्यावर फ्रेम रेट चांगला वाढला तर अडथळा कार्डाचा होता असे समजावे. तो जागचा हलला नाही तर अडथळा प्रोसेसरचा आहे आणि नवे कार्ड आणूनही तो रस्ता तसाच अडखळेल.

तेवढ्यात एक बिनखर्चाचे कामही उरकून घ्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या शेजारशेजारच्या खाचांत असतील तर त्या एकाच चॅनेलवर चालत आहेत. मदरबोर्डला चार खाचा असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवाव्या लागतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन रॅमचा वेग पट्टीवर छापलेल्या वेगाइतका आहे का, हेही पाहा. एक्सएमपी (रॅम छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू केले नसेल तर ३,००० ची रॅम वर्षानुवर्षे २,१३३ वर चालत राहते आणि रायझनच्या त्या पिढीला रॅमच्या वेगाचा फरक फार जाणवतो.

मंद_दिवा

एसएमपीएसची एवढी शंका असेल तर मी दुकानदाराच्या बाजूने बोलेन. ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० केवळ ७० वॅटवर चालते, वेगळी वायर लागत नाही, जुने कार्ड काढले आणि हे बसवले की काम झाले. त्यात रे ट्रेसिंग आहे, डीएलएसएस (कमी बिंदूंचे चित्र मोठे करून फ्रेम रेट वाढवणारे एनव्हिडियाचे तंत्र) आहे आणि कार्ड नवे असल्याने वॉरंटीही मिळेल. विजेचा दाब ज्या गावात कमीजास्त होतो तिथे कमी वॅटचे कार्ड घेणे मला शहाणपणाचे वाटते. मी स्वतः वर्षभर हेच कार्ड वापरत आहे आणि ते उन्हाळ्यातही शांतपणे चालले.

पाना_पकड

ज्यांच्याकडे कंपनीने जुळवून दिलेला छोटा संगणक आहे आणि ज्यांना एसएमपीएस बदलताच येत नाही, त्यांच्यासाठी ते कार्ड योग्यच आहे. परंतु नाव एकच असले तरी २०२२ चे ८ जीबीचे ३०५० आणि फेब्रुवारी २०२४ चे ६ जीबीचे ३०५० ही दोन वेगळी कार्डे आहेत. पहिल्यात २,५६० कोअर आणि १२८ बिटांची मेमरी होती, दुसऱ्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटांची आहे. आरएक्स ६६०० तर त्यातल्या ८ जीबीच्या कार्डालाही सहज मागे टाकते. प्रश्नकर्त्याला चार वर्षे काढायची आहेत आणि त्यांच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस बदलायला कोणतीच अडचण नाही, म्हणून मी त्यांना हे कार्ड सुचवणार नाही.

निळा_पडदा

वापरलेल्या ३०६० बद्दल मी लिहितो, कारण त्या वाटेने मी गेलो आहे.

कार्ड उत्तम आहे, यात वाद नाही. १२ जीबी मेमरी, १९२ बिटांचा मार्ग, डीएलएसएस आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) पूर्ण १६ लेन. तुमच्या मदरबोर्डवर पीसीआय एक्स्प्रेस ३.० आहे, त्यामुळे लेनचा मुद्दा अगदीच गौण नाही. पण हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगची (ग्राफिक्स कार्डांवर गणिते सोडवून चलन मिळवण्याची) लाट जोरात असताना बाजारात आले. मायनिंगचा वेग कमी करण्यासाठी त्यावर बंधन घातलेले होते, तरीही ते मायनिंगसाठी वापरले गेलेच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि मायनिंगची कार्डे मोठ्या संख्येने विक्रीला आली. मायनिंगमध्ये चिपपेक्षा मेमरी अधिक तापते, आणि दीडदोन वर्षे अखंड तापलेल्या मेमरीची झीज बाहेरून पाहून कळत नाही.

मी घेतलेले कार्ड पहिले तीन महिने निर्दोष चालले. त्यानंतर पडद्यावर रंगीत ठिपके दिसू लागले आणि पुढे पुढे खेळ मध्येच बंद पडू लागला. वॉरंटीसाठी गेलो तेव्हा कळले की सिरियल नंबरचे स्टिकर आधीच कोणीतरी काढून पुन्हा चिकटवलेले होते. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. १८ हजार रुपये गेले आणि त्यातले काहीही परत मिळाले नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे, कारण २४ हजार साठवायला किती महिने लागतात हे मला ठाऊक आहे.

तरीही घ्यायचेच ठरले तर विकणाऱ्याच्या घरी, त्याच्याच संगणकावर, किमान अर्धा तास एखादा जड खेळ चालवून पाहा. जीपीयू-झी (कार्डाची माहिती दाखवणारे साधन) उघडून १२ जीबी, १९२ बिट आणि ३,५८४ कोअर हे तिन्ही आकडे जुळतात का ते तपासा, कारण ३०६० चीही ८ जीबीची, १२८ बिटांची दुय्यम आवृत्ती आहे. शिवाय जुन्या चिपवर दुसऱ्या कार्डाचे बायोस चढवून विकणारेही असतात. पंखे दोन्ही दिशांना हलवून पाहा, स्क्रूवर पान्याच्या खुणा आहेत का बघा, मूळ बिल मागून घ्या आणि त्यावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा. काही कंपन्यांची वॉरंटी सिरियल नंबरवर चालते, काहींना पहिल्या खरेदीदाराचे बिल लागते. ते आधी विचारून घ्यावे. सोलापुरात ओळखीच्या माणसाचे कार्ड मिळत असेल तर गोष्ट वेगळी. अनोळखी माणसाकडून कुरिअरने मात्र कदापि मागवू नका.

खेळगडी_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी झाकण काढून सगळे तपासले.

रॅमच्या पट्ट्या खरोखरच पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत होत्या आणि वेगही २,१३३ वरच होता. सहा वर्षे मला याची कल्पना नव्हती. आता त्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवून ३,००० वर चालवल्या आहेत आणि विंडोज व्यवस्थित चालू आहे.

त्यानंतरच्या चाचणीचे आकडे असे आहेत. ‘सायबरपंक’मध्ये बाजाराच्या रस्त्यावर १०८०पी आणि सर्वांत खालच्या सेटिंगला २८ ते ३० फ्रेम मिळतात व कार्डाचा वापर ९९ टक्के दिसतो. ७२०पीला त्याच जागी ४८ ते ५० फ्रेम मिळाल्या आणि कार्ड तेव्हाही ९९ टक्क्यांवरच होते. म्हणून मी ७२०पीवर एफएसआरही (डीएलएसएससारखेच एएमडीचे तंत्र) चालू करून पाहिले. तेव्हा फ्रेम रेट साठीच्या थोडा खालीच अडला आणि कार्डाचा वापर ८० टक्क्यांच्या खाली आला. याचा अर्थ माझ्या प्रोसेसरची मर्यादा त्या रस्त्यावर साठच्या आसपास आहे, असे मी समजू का?

एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर लिहिले आहे. पीसीआय एक्स्प्रेसची वायर नाही. दुकानदार म्हणतात की हार्ड डिस्कच्या दोन वायरींवरून आठ पिनांचा कन्व्हर्टर लावून काम होईल.

पाना_पकड

तुम्ही चाचणी अगदी बरोबर केली आणि निष्कर्षही बरोबर काढला आहे. कार्ड मोकळे असताना फ्रेम रेट अडला, म्हणजे तो प्रोसेसरने अडवला. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे आणि प्रोसेसरचा माथा साठच्या आसपास आहे, तेव्हा १०८०पीवर चांगल्या सेटिंगला सुमारे ६० फ्रेम देणारे कार्ड तुम्हाला पुरेसे आहे. त्याहून महाग कार्डाचा जादा वेग आज तुम्हाला दिसणारच नाही.

आता विजेचा हिशेब पाहू. १२ व्होल्ट गुणिले १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट. रायझन ५ २६०० वर ६५ वॅट लिहिलेले असले तरी पूर्ण भाराखाली तो ८८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. आरएक्स ६६०० चे १३२ वॅट त्यात मिळवले की २२० होतात. पंखे, एसएसडी आणि मदरबोर्डचा स्वतःचा वापर अजून धरलेला नाही, आणि ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या बरेच वर उसळी घेते तेही धरलेले नाही. एएमडी या कार्डासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते आणि तुमच्या लेबलवर ४५० लिहिलेही आहे, पण ज्या व्होल्टेजवर ती वीज हवी तिथे ती निम्मीसुद्धा नाही. कन्व्हर्टर लावून ही उणीव भरून निघत नाही. उलट हार्ड डिस्कच्या पातळ वायरी आणि त्यांची टोके तापतात, आणि टोक वितळलेले कन्व्हर्टर मी स्वतः यंत्रांतून काढलेले आहेत. दुकानदारांचे म्हणणे इथे कृपया ऐकू नका.

म्हणून २४ हजारांतले चार हजार एसएमपीएससाठी बाजूला काढा. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ प्रमाणित, ५५० वॅटचा आणि लेबलवर १२ व्होल्टला किमान ४० अँपिअर असलेला एसएमपीएस घ्या. तो पाच वर्षे तरी चालेल आणि पुढच्या कार्डालाही उपयोगी पडेल. उरलेल्या २० हजारांत नवे, वॉरंटीचे आरएक्स ६६०० बसते आणि माझे मत त्यालाच आहे.

त्याची एक उणीव सांगायला हवी. हे कार्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या ८ लेनच वापरते. ४.० पिढीच्या मदरबोर्डवर त्यांतून सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती जाते, तुमच्या ३.० वर सुमारे ८ जीबी. कार्डाची ८ जीबी मेमरी भरून वाहत नाही तोवर बहुतेक खेळांत हा फरक दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवले की मेमरी भरत नाही. याच कारणाने आरएक्स ६५०० एक्सटीच्या वाटेला मात्र जाऊ नका, मग ते कितीही स्वस्त मिळो. त्याला ४ जीबी मेमरी आणि केवळ ४ लेन आहेत, आणि तुमच्या मदरबोर्डवर ते फार अडखळेल.

दुसऱ्या_मजल्यावरची

वरील हिशेब मला पटतो, तरी दोन पर्यायांचा उल्लेख राहिला आहे तो करते.

इंटेलचे आर्क बी५८० या किमतीच्या थोडे वर मिळते, त्याला १२ जीबी मेमरी आहे आणि परीक्षणांत त्याचे कौतुक वाचून कोणालाही मोह होईल. परंतु ती परीक्षणे बहुतेक वेळा नव्या, वेगवान प्रोसेसरवर केलेली असतात. या कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो, आणि रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर चाचणी केली असता ते अनेक खेळांत अपेक्षेपेक्षा खूप खाली घसरलेले दिसले. शिवाय त्याला रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या सोयीची) गरज असते आणि एएमडीने ती सोय अधिकृतपणे रायझन ३००० पासून पुढे दिली आहे. तुमच्या संगणकासाठी ते कार्ड नाही.

दुसरा पर्याय नव्या आरटीएक्स ५०५० चा. ८ जीबी मेमरी आणि १३० वॅट म्हणजे कागदावर ते ६६०० सारखेच दिसते, पण ते दोन पिढ्यांनी नवे आहे आणि डीएलएसएसचे चित्र एफएसआरच्या जुन्या आवृत्त्यांपेक्षा खरोखरच स्वच्छ असते. १०८०पीला तर हा फरक नजरेत भरतो, कारण मुळातच कमी बिंदूंवरून चित्र मोठे करायचे असते. चार वर्षांचा विचार करता माझे मत त्याला पडले असते. मात्र एसएमपीएसचे पैसे काढल्यावर ते तुमच्या मर्यादेत बसत नाही, आणि एसएमपीएस न बदलता ते घेण्याचा सल्ला मी देणार नाही. तीन-चार महिने थांबण्याची तयारी असेल तर विचार करावा, एवढेच.

पूर्वीचे कार्ड एनव्हिडियाचे आहे म्हणून आणखी एक सूचना करते. नवे कार्ड बसवण्याआधी सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर समूळ काढणाऱ्या साधनाने) जुना ड्रायव्हर पूर्ण काढून टाका. एएमडीच्या ड्रायव्हरला जी नावे ठेवली जातात त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ जुन्या ड्रायव्हरच्या अवशेषांत असते. तसेच तुमचा मॉनिटर डीव्हीआय वायरीने जोडलेला असेल तर ६६०० वर ती खाच नसते. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची वायर आधीच आणून ठेवा.

पाना_पकड

५०५० बद्दलचे मत रास्त आहे. माझा कल तरीही ६६०० कडे राहतो त्याचे कारण प्रोसेसर आहे. डायरेक्टएक्स १२ च्या खेळांत रेडिऑनचा (एएमडीच्या कार्डांचा) ड्रायव्हर जुन्या प्रोसेसरवर एनव्हिडियापेक्षा कमी भार टाकतो, आणि इथे साठीच्या माथ्याशीच झगडा आहे. मुळात ‘इंडियाना जोन्स’च्या किमान अपेक्षेत प्रोसेसर रायझन ५ ३६०० लिहिलेला आहे, म्हणजे २६०० तिथे आधीच एक पायरी खाली आहे. जे तीन-चार महिने कार्डासाठी थांबायचे त्यांत पैसे साठवून पुढच्या वर्षी रायझन ५ ५६०० बसवावा. तो याच बी४५० वर चालतो. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर तुमच्या मॉडेलची यादी पाहून, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करावे लागेल आणि ते करताना संगणक यूपीएसवर असावा.

खेळगडी_सोलापूर

ठरले. एसएमपीएस आधी घेईन आणि तो जुन्या कार्डावर आठवडाभर चालवून पाहीन, म्हणजे काही दोष निघाला तर नव्या कार्डाला धक्का लागणार नाही. मग दसऱ्याला आरएक्स ६६००. पुढच्या वर्षी जमल्यास ५६००. मॉनिटर एचडीएमआयवरच आहे. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी २८० मिलिमीटर जागा मोजली आणि दोन पंख्यांची जी कार्डे मी पाहिली ती सगळी तीत बसतात. समोरच्या बाजूला हवा आत घेणारा एकही पंखा नाही, तिथे १२० मिलिमीटरचे दोन लावून घेतो.

एकच शंका राहिली. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. तो पुरेल का? आणि जुने १०५० टीआय आत्ताच विकून टाकावे का? एक जण साडेतीन हजार द्यायला तयार आहे.

पाना_पकड

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. खेळताना तुमचा संगणक आणि मॉनिटर मिळून तीनशेच्या आत राहतील, म्हणून वीज गेल्यावर खेळ साठवून संगणक बंद करण्याइतका वेळ मिळेल, त्याहून अधिक नाही. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर ती बदलून घ्या.

जुने कार्ड विका, पण नवे कार्ड बसवून पंधरा दिवस झाल्यावर विका. तुमच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. नवे कार्ड सदोष निघून बदलून घ्यावे लागले तर तेवढे दिवस पडद्यावर चित्र आणायला तेच एक कार्ड हाताशी असेल. मात्र त्यापुढेही फार थांबू नका. एनव्हिडियाने जाहीर केल्याप्रमाणे या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, त्यामुळे आज मिळणारे साडेतीन हजार पुढे मिळतीलच असे नाही.

नवे कार्ड बसल्यावर त्याच बाजाराच्या रस्त्यावरचे आकडे इथे नक्की लिहा. २६०० सोबत ६६०० किती देते ते विचारणारे आणखीही बरेच जण असतील.